शिक्षणाचा खर्च कुणी सोसला?

संपादिकाबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा पाककृती किंवा तीर्थयात्रेची हकिगत लिहून मोकळे व्हावे असे प्रथम मनात आले. परंतु त्याच आठवड्यात माहेरी जाणे झाले. माझे माहेर याच मेहकर तालुक्यात. तेथे जुनी पेटी आवरताना बाबांची हिशेबाची वही हाती लागली. लाल कापडी बांधणीची, कडा वाळवीने खाल्लेली. ती दोन दिवस वाचली, आणि ठरविले की, लिहायचे तर हेच. कॉलेजच्या शिक्षणाला पैसा लागतो हे आपण सर्वजणी जाणतो. तो पैसा आजवर आला कोठून आणि कुणाच्या अंगावरून गेला, याचा इतिहास मात्र आपण कधी मांडत नाही. तो राजांच्या इतिहासाइतका मोठा नाही. पण आपल्या घरातला आहे.

आधी थोडे मागे जाऊ. गोपाळ गणेश आगरकर हे नाव पुण्याशी जोडलेले आहे; पण ते मॅट्रिक झाले ते आपल्या वऱ्हाडात, अकोल्यास, १८७५ साली. जन्म कऱ्हाडजवळच्या टेंभूचा, घरची अत्यंत गरिबी, म्हणून नातेवाइकांच्या आश्रयाने ते अकोल्यास राहिले. त्या काळी वऱ्हाडात कॉलेज नव्हते. पुढे डेक्कन कॉलेजात असताना त्यांच्याजवळ एकच सदरा होता, तो रात्री धुऊन सकाळी घालीत, ही गोष्ट आपण शाळेत वाचली आहे. परीक्षा झाल्यावर त्यांनी आईला पत्र लिहिले. मोठ्या पगाराची नोकरी मी करणार नाही, पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी देणार, असा त्याचा आशय होता. या पत्राचे कौतुक सर्वांनी केले आणि ते योग्यच आहे. पण मला त्या आईचे काय झाले असेल हे नेहमी वाटत आले आहे. मुलगा शिकेल, मोठ्या हुद्द्यावर चढेल आणि घराचे दिवस पालटतील, या आशेवर तिने किती वर्षे काढली असतील! शिक्षणाचा खर्च रुपयांत मोजता येतो. आईची वाट पाहणे कुठल्या वहीत मांडायचे?

अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले ते १९२३ साली. तेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले. तोपर्यंत वऱ्हाडच्या मुलास नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. म्हणजे फीपेक्षाही मोठा खर्च राहण्याजेवण्याचा. हा मुद्दा मी मुद्दाम येथे सांगून ठेवते, कारण साऱ्या लेखाची किल्ली त्यातच आहे. फी एकदा भरली की सुटका होते. भूक मात्र दिवसातून दोनदा लागते.

याच काळात पापळच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने विलायतेस जाण्याचा हट्ट धरला. ते म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख. जन्म १८९८ चा. वडिलांनी जमीन गहाण टाकून, कर्ज काढून त्यांना धाडले, ही हकिगत वऱ्हाडात घरोघरी सांगतात. एडिंबरोस त्यांना संस्कृतची शिष्यवृत्ती मिळाली, वैदिक वाङ्मयातील धर्मावर त्यांनी डॉक्टरेट मिळविली, बॅरिस्टर झाले आणि १९२६ साली परत आले. शिकलेला मुलगा परतला, तरी गावोगावच्या शेतकऱ्यांच्या मानेवरचे सावकाराचे जू तसेच होते. पुढे ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. १९३३ चा कर्ज लवाद कायदा त्यांच्या आग्रहामुळे आला असे मानले जाते. कर्जदार व सावकार यांना समोरासमोर बसवून, रक्कम कमी करून हप्ते बांधून द्यावयाचे, अशी त्याची योजना होती. ज्याच्या शिक्षणासाठी बापाने कर्ज काढले, त्याला कर्ज म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. १९३२ साली त्यांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. तिच्या शाळा-कॉलेजांमुळे कितीतरी घरांची जमीन गहाण पडण्यापासून वाचली असेल.

आपल्याकडे सावकाराचा आणि कॉलेजचा मेळ का बसतो, हे शेतकऱ्याच्या घरातील बाईला विचारावे. कॉलेजे उघडतात जून-जुलैत. मृग लागलेला असतो. बी-बियाणे, खत, डवऱ्याची मजुरी, सारा पैसा जमिनीत जात असतो. कणगीचा तळ दिसू लागलेला असतो. कापूस घरात येतो दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्यात फी आणि खोलीचे भाडे मागतात. पगारदाराला दर महिन्याची एक तारीख असते. शेतकऱ्याला वर्षातून एकच. मधले चार-पाच महिने पार पाडण्यासाठी सवाई-दिडीने धान्य किंवा व्याजाने पैसा उचलायचा, हाच रिवाज होता. मुलगा मठ्ठ म्हणून कॉलेज सुटले असे थोडे. आषाढात पैसा नव्हता म्हणून सुटले असे पुष्कळ.

ही अडचण ज्यांनी नीट ओळखली त्यांनी आधी कॉलेज काढले नाही, वसतिगृह काढले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांना आश्रय दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग उघडले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. या बोर्डिंगमध्ये धान्य संपले की लक्ष्मीबाई आपला एकेक दागिना काढून देत. शेवटी मंगळसूत्रही त्यांनी मुलांच्या जेवणासाठी दिले. १९३० साली त्या वारल्या. साताऱ्यास १९४७ साली 'कमवा व शिका' या तत्त्वावर छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. ते पाहण्यास त्या राहिल्या नाहीत. कर्मवीरांचे पुतळे गावोगावी आहेत आणि ते असलेच पाहिजेत. पण त्या संस्थेच्या पायात लक्ष्मीबाईंचे सोने आहे, हे आपण बायांनी तरी विसरू नये.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना बी. ए. साठी दरमहा २५ रुपये दिले, आणि १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. पुढे लंडनला ते उपाशी-अर्धपोटी राहून अभ्यास करीत होते. त्याच वेळी मुंबईत रमाबाई गोवऱ्या थापून संसार चालवीत होत्या. परदेशातला प्रत्येक महिना येथल्या चुलीवर जमाखर्चात येत होता. शिष्यवृत्तीत बायकोच्या उपासाचे कलम नसते.

आणि आपल्या वऱ्हाडचे संत गाडगेबाबा तर कीर्तनात खराट्यासारखे शब्द वापरीत. पैसा नसेल तर जेवायचे ताट मोडा, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असे ते सांगत. बायका ऐकत, रडत, आणि घरी येऊन खरोखरच मांडणीवरची भांडी मोजीत. माझी आजी त्यांतली एक होती.

आता बाबांच्या वहीकडे येते. कोरडवाहू चौदा एकर जमीन, कापूस व ज्वारी, आम्ही तीन भावंडे. दादा १९६६ साली मॅट्रिक झाला आणि अमरावतीस गेला. त्या वेळी इ. बी. सी. सवलत सुरू झालेली होती. १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने, ज्या घरचे उत्पन्न वर्षाला ९०० रुपयांच्या आत असेल त्यांच्या मुलांची फी माफ केली. पुढे ती मर्यादा १२०० झाली. किती घरांतला पहिला पदवीधर या एका निर्णयामुळे झाला, हे आपापल्या घरात मोजून पाहावे. परंतु बाबांनी पहिल्या वर्षी त्या फॉर्मवर सही केली नाही. "आपून काय नादार आहो का?" असे ते म्हणाले. जुन्या काळी फी माफ झालेल्या मुलास 'नादार' म्हणत. तो शब्द त्यांच्या मनातून गेला नव्हता. पहिल्या वर्षाची फी त्यांनी भरली. दुसऱ्या वर्षी बोंडे किडली, आणि त्यांनी खाली मान घालून सही केली. माणसाची इभ्रतही शिक्षणाच्या खर्चात धरावी लागते, हे मला तेव्हा समजले नाही.

फी माफ झाली तरी दर महिन्याची मनीऑर्डर सुटली नाही. वहीत ओळीने नोंदी आहेत : 'खानावळ', 'खोली', 'घासलेट', 'पुस्तके'. आणि १९६७ च्या जूनमध्ये एक ओळ : 'गोठ जोडी, गहाण'. आईचे सोन्याचे गोठ. ते सुटल्याची नोंद मी शेवटच्या पानापर्यंत शोधली, ती नाही. जमीन गहाण टाकायची नाही हा बाबांचा बाणा होता. त्या काळच्या घरात देण्याचा क्रमच ठरलेला असे. आधी बाईचे सोने, मग बैलजोडी, आणि अगदीच गळ्याशी आले तर जमीन. सोने आधी का? तर जमीन घराची आणि सोने बाईचे म्हणून. वास्तविक १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाईच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मानली होती. आमच्या घरी तो कायदा अजून पोचला नव्हता. आई मात्र त्याबद्दल कधी बोलली नाही. हात मोकळे दिसू नयेत म्हणून ती काचेच्या बांगड्या जरा जास्तच भरायची, एवढेच आठवते.

मी १९६९ साली मॅट्रिक झाले. दुसरा वर्ग मिळाला. दादाने बाबांना पत्र लिहिले की, हिलाही पुढे शिकवावे. रात्री आई-बाबांचे बोलणे मी पडवीत झोपल्यावर ऐकले. आई म्हणाली, "तिले शिकाचं हाये. एक सालभर तं पाहू." बाबा म्हणाले, "एकाचंच होता होत नाही, दोघांचं कुठून आनू? अन् ते पोरगी कोणाच्या घरी राहीन अमरावतीले?" आई गप्प झाली. मीही दुसऱ्या दिवशी गप्प राहिले. पन्नासाहून अधिक वर्षे मी सर्वांना हेच सांगत आले की, आमची ऐपत नव्हती.

भगिनींनो, वही वाचली आणि हे वाक्य माझ्या तोंडून पुन्हा निघेना. दादाच्या चार वर्षांच्या साऱ्या नोंदींची मी बेरीज केली. ती सत्तावीसशेच्या आसपास येते. पुढच्याच पानावर १९७० च्या वैशाखातले माझे लग्न आहे : मांडव, मानपान, जेवणावळ, भांडी, हुंडा. बेरीज साडेतीन हजारांवर जाते, आणि त्यांतले दोन हजार व्याजाने काढलेले आहेत. म्हणजे माझ्यासाठी कर्ज काढण्याची घराची ऐपत होती. ते कशासाठी काढायचे एवढेच ठरलेले होते. माझ्या नावाने शिक्षणाची शेवटची नोंद 'मॅट्रिक फॉर्म' अशी आहे. त्यानंतर एकदम हळद.

हे लिहिताना बाबांवर अन्याय होऊ नये अशी माझी इच्छा आहे. त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. दादा शिक्षक झाला, आणि १९७२ च्या दुष्काळात, विहिरी आटल्या, ज्वारी पिकली नाही, तेव्हा त्याच्या पगाराने घर जगले. मुलाचा पगार घरी येतो, मुलीचा परक्याच्या घरी जातो; म्हातारपणी मुलगा पोसतो. ज्या घराला पेन्शन नाही, विमा नाही, त्याने आपला एकुलता पैसा जेथे परत येईल तेथेच लावला. मुलींचे वसतिगृह सहज मिळण्यासारखे असते, कायद्याने मुलीचा वाटा खरोखर पदरात पडत असता, तर तोच हिशेब वेगळा झाला असता. माणसे वाईट नव्हती. हिशेबाचे रकाने चुकीचे आखलेले होते. पुढे १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली साऱ्या देशाने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. मी मात्र बाबांच्या मागे हक्कसोड पत्रावर सही करून आले. दादाच्या पगाराचे अन्न मीही माहेरपणात खाल्ले होते, नाही म्हणवले नाही. दुसरीला उपदेश करण्याआधी हे कबूल केलेले बरे.

जानेफळला सून म्हणून आल्यावर मनाशी एकच ठरविले होते : मुलगी झाली तर तिच्या नावाने 'मॅट्रिक फॉर्म' ही शेवटची नोंद होणार नाही. काळही पालटत होता. १९८० च्या दशकात राज्याने मुलींना बारावीपर्यंत फी माफ केली. १९८३ साली अमरावतीस विद्यापीठ झाले, त्याच वर्षी शेगावला इंजिनिअरिंग कॉलेज निघाले. विनाअनुदानित कॉलेजेही त्याच सुमारास निघाली. शिक्षण जवळ आले, पण महागही झाले. पूर्वी कॉलेज दूर होते म्हणून पोर राहत असे, आता फी मोठी म्हणून राहू लागले. माझी मुलगी १९९४ साली बी. एस्सी. साठी अकोल्यास गेली. तिची शिष्यवृत्ती परीक्षा होऊन गेल्यावर हाती आली. कर्जाची चौकशी केली तर सातबारा कुणाच्या नावाचा, हा पहिला प्रश्न. आणि तो माझ्या नावाचा नव्हता. शेवटी आईने मला लग्नात दिलेल्या पाटल्या मी स्वतः जाऊन मोडल्या. फरक एवढाच की, माझ्या आईला कुणी विचारले नव्हते. मी कुणाला विचारले नाही.

आज नात शिकते आहे. २००१ सालापासून बँकांची शैक्षणिक कर्जाची ठरीव योजना आहे. लहान रकमेला तारण लागत नाही. २००९ पासून, ज्या घरचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे त्यांच्या मुलांच्या शिकण्याच्या काळातील व्याज केंद्र सरकार सोसते. जुन्या इ. बी. सी. च्या जागी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आली आहे, आणि वसतिगृहाच्या भत्त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. ही दोन नावे योग्य जागी पडली असे मला वाटते. २०२४-२५ पासून, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. १९६९ साली ज्या मुलीला 'कुठून आनू' असे उत्तर मिळाले, तिला नातीचा तो कागद हातात घेताना काय वाटले ते लिहीत नाही.

पण हिशेब केला तेव्हा जुनेच रकाने पुन्हा समोर आले. फी गेली, खोली आणि मेस राहिली. दोन्ही मिळून महिन्याला पाच हजारांच्या आत बसत नाही. आणि मागतात कधी? जून-जुलैत; सोयाबीन पेरून घर रिकामे झाले असते तेव्हा. सोयाबीन विकायला येते दिवाळीच्या तोंडावर, कापूस त्याच्याही मागून. भत्ता मंजूर झाला तरी हाती यायला वेळ लागतो. शंभर वर्षांत खूप पालटले, हे चार महिने पालटले नाहीत. आजही आपल्या गल्लीत एखादी हुशार मुलगी ऑगस्टमध्ये परत येते, आणि "तिले तिकडं करमलं नाही" असे सांगितले जाते. करमत नाही ते बहुधा मेसच्या थकलेल्या पैशामुळे.

म्हणून वर्धापनदिनाच्या निमित्ताने एक सूचना मांडते. महर्षी कर्व्यांनी कोकणातल्या आपल्या मुरूड गावासाठी 'मुरूड फंड' उभारला होता. गावच्या माणसांनी आपल्या मिळकतीतून थोडेथोडे बाजूला काढून गावकामाला लावावे, एवढीच त्याची कल्पना. आपल्या मंडळाला बचतीची सवय आहेच. भिशी आणि बचत गट आपण चोख चालवितो. त्यातूनच एक वेगळी पेटी ठेवावी. जून ते ऑक्टोबर या काळात, बाहेरगावी शिकणाऱ्या गावातल्या मुलीचे खोली-मेसचे पैसे त्या पेटीतून बिनव्याजी द्यावेत. दिवाळीनंतर माल विकला की घरच्यांनी ते परत करावेत. दान नको. दानात 'नादार' हा शब्द लपलेला असतो, आणि त्या शब्दाने माझ्या बाबांचे एक वर्ष घेतले. ही उसनवारी असावी, शेजारणीने वाटीभर साखर मागावी तशी. रक्कम लहान असली तरी चालेल. वेळेवर असली पाहिजे. नोंदीची वही मात्र ठेवावी, आणि त्यात मुलीच्या नावाबरोबर तिच्या आईचेही नाव लिहावे. आमच्या वहीत आईचे नाव कोठेच नाही. 'गोठ जोडी' एवढेच आहे.

सूचना पसंत पडली तर पुढच्या सभेत तिचा विचार व्हावा. माझी वर्गणी मी या लेखासोबत चिटणीसबाईंकडे देत आहे.